बढतीची ऑर्डर आली, बदली पुण्याला: पहिल्या पंधरा दिवसांत काय करायचं

बढतीची यादी बहुतेकदा दुपारनंतर येते. पीडीएफ उघडायची, आपलं नाव शोधायचं आणि त्याच ओळीत उजवीकडे सरकत शेवटच्या रकान्यापर्यंत जायचं. तिथे 'नागपूर' नसतं. माझ्या बाबतीत दोन्ही वेळा नव्हतं. पहिली ऑर्डर ४१ व्या वर्षी आली, तेव्हा मी नकार दिला. दुसरी ४७ व्या वर्षी आली, तेव्हा पुण्याला गेले आणि तीन वर्षं दोन महिन्यांनी परत आले. नकाराला काय पडतं आणि होकाराला काय पडतं, दोन्ही भोगून झालं आहे. म्हणून ऑफिसातली चाळिशी-पन्नाशीतली माणसं ऑर्डर घेऊन माझ्या टेबलाशी येतात, खुर्ची ओढतात आणि म्हणतात, "मॅडम, काय करू?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

मी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, त्यामुळे आकडे आणि नियम तिथले. बँक, विमा, महावितरण, खासगी कंपनी अशा ठिकाणच्यांनी पद्धत घ्यावी आणि आकडे आपले घालावेत. पद्धतीचा गाभा एवढाच, की बढती एकाची असते पण बदली अख्ख्या घराची होते. 'मी जाऊ का?' हा प्रश्न त्यामुळे अपुरा पडतो. 'मी गेल्यावर इथलं माझं काम कोण करणार आणि कधीपर्यंत?' असं विचारलं की उत्तर सापडायला लागतं.

पहिले दोन दिवस: कागद वाचा, कुणाला शब्द देऊ नका

पहिल्या दिवशी अभिनंदनाचे फोन येतात. "जाणार ना?" असं प्रत्येक जण विचारतो. या दोन दिवसांत हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. "ऑर्डर वाचतोय" एवढंच सांगा, आणि खरंच वाचा. रुजू होण्याची शेवटची तारीख कोणती, मुदतवाढ मिळते का, नकार किती दिवसांत कळवायचा, आणि नकाराचा परिणाम काय.

हा शेवटचा मुद्दा मी ४१ व्या वर्षी वाचलाच नव्हता. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, मुलगी पाचवीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ओळींचं पत्र लिहून दिलं आणि मोकळी झाले असं वाटलं. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे बढती नाकारली की नकाराच्या तारखेपासून एक वर्ष पुन्हा बढती देऊ केली जात नाही, आणि त्या काळात ज्यांना बढती मिळते ते ज्येष्ठता यादीत आपल्या वर जातात. मला वाटलं, एकच वर्ष तर आहे. वर्ष संपलं, पण पुढे जागाच निघाल्या नाहीत. मला सहा वर्षं थांबावं लागलं, आणि ज्यांना मी काम शिकवलं त्यांच्या सहीसाठी फाइल घेऊन उभी राहिले. नियमात लपवलेलं काहीच नव्हतं, मीच विचारलं नाही.

दुसरी गोष्ट एमएसीपीची. बढती न मिळता १०, २०, ३० वर्षं सेवा झाली की पगाराचा वरचा स्तर मिळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. ती सोय संधी न मिळालेल्यांसाठी आहे. संधी मिळून ज्याने नाकारली त्याचा पुढचा लाभ अडतो किंवा लांबतो. सेवेला सतरा-अठरा वर्षं झाली असतील तर हे आधी आस्थापना शाखेत जाऊन समजून घ्या. तोंडी नको, नियम दाखवायला सांगा.

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना २००५ चा बदल्यांचा कायदा लागू आहे. त्यात एका पदावर साधारण तीन वर्षांचा कालावधी आणि सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत, अशी चौकट आहे. बँकांत प्रत्येकीचं पदोन्नती धोरण वेगळं, ते पूर्ण वाचा. खासगी कंपनीत पदाचं नाव, पगाराची तारीख, सामान हलवण्याचा खर्च आणि 'अमुक महिन्यांच्या आत सोडलं तर तो खर्च परत' ही अट, सगळं ईमेलवर लेखी घ्या. साहेबांनी गाडीत बसता बसता दिलेला शब्द पुढच्या साहेबांवर बंधनकारक नसतो.

याच दोन दिवसांत आपण कुठल्या सवलतीत बसतो का ते पाहा. नवरा-बायको दोघं सरकारी नोकरीत असतील तर शक्यतो एका ठिकाणी ठेवण्याचं केंद्राचं धोरण आहे, ३० सप्टेंबर २००९ चं परिपत्रक. घरात दिव्यांग मूल किंवा इतर अवलंबून असलेली दिव्यांग व्यक्ती असेल आणि मुख्य काळजी तुम्हीच घेत असाल, तर प्रशासकीय अडचण नसल्यास नेहमीच्या बदल्यांतून सूट मागता येते. ही सूट २०१४ पासून आहे. आपल्याकडे लोक हे माहीत असूनही 'कशाला घरचं ऑफिसात सांगायचं' म्हणून गप्प बसतात. सांगा. तो नियम तुमच्यासाठीच केला आहे.

तिसरा दिवस: कागद-पेन घेऊन पैशांचा हिशेब

बढती म्हणजे पगार खूप वाढणार, असं घरच्यांना वाटतं. एक उदाहरण करून दाखवते.

सातव्या वेतन आयोगाच्या स्तर ७ मध्ये मूळ वेतन ६०,४०० आहे असं धरा. बढती स्तर ८ वर. आधी खालच्या स्तरातली एक वेतनवाढ मिळते, म्हणजे ६२,२००, आणि स्तर ८ मध्ये हाच आकडा आहे, म्हणून तिथेच वेतन निश्चित होतं. मूळ वेतनातली वाढ १,८०० रुपये, अधिक त्यावरचा महागाई भत्ता. घरभाडे भत्त्यासाठी नागपूर 'वाय' वर्गात आणि पुणे-मुंबई 'एक्स' वर्गात. सध्याचे दर २० आणि ३० टक्के. नागपूरला १२,०८० मिळत होते, पुण्याला १८,६६० मिळतील. फरक ६,५८०. वाहतूक भत्त्यात फरक नाही, कारण वरच्या दराच्या शहरांत नागपूरही आहे. एकूण महिन्याला ८,३८० आणि वर थोडा महागाई भत्ता. आठव्या आयोगाचे आकडे लागू झाले की रकमा बदलतील, हिशेब असाच करायचा.

आता दुसरी बाजू. तुम्ही एकटे गेलात, घर नागपुरात राहिलं, तर दोन चुली पेटतात. तिकडे छोट्या घराचं भाडं समजा १५,००० धरलं, जेवण-चहा ५,०००, महिन्यातून दोनदा घरी येणं-जाणं ६,०००. झाले २६,०००. म्हणजे सुरुवातीची एक-दोन वर्षं बढतीपायी दरमहा सोळा-सतरा हजार घरातून जातात. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. तुम्ही ज्या भागात राहणार तिथल्या दोन-तीन घरांना फोन करून खरे आकडे घाला.

सगळं बिऱ्हाड हलवलं तर हिशेब वेगळा. नागपूरचं घर भाड्याने जाईल. त्या भाड्यातून मालमत्ता कर वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट आयकरात मिळते. पण तिकडचं दोन खोल्यांचं भाडं, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची नवी फी यात ते भाडं आणि पगारवाढ विरघळून जातात. शिवाय नवी करप्रणाली निवडली असेल तर घरभाडे भत्त्याची सूट मिळत नाही. जुन्या आणि नव्या दोन्हींचा हिशेब एकदा करून पाहा.

आणि सगळ्यात मोठा आकडा लोक लिहीतच नाहीत. जोडीदाराचं उत्पन्न. माझ्या नवऱ्याचं नागपूरच्या महाल भागात स्टेशनरीचं दुकान आहे, गिऱ्हाईक वडिलांच्या वेळेपासूनचं. ते दुकान पुण्याला नेता येत नाही. पंचेचाळिशीनंतर जोडीदाराला नव्या गावात नव्याने उभं राहायला लावणं हा खर्च पगारपत्रकात कुठेच दिसत नाही. हा आकडा कागदावर सगळ्यात वर लिहा.

एवढं वाचून बढती तोट्याची आहे असं वाटेल, पण फायदा पुढे असतो. पुढच्या पदासाठीची सेवा मोजायला सुरुवात होते, वरच्या स्तरात वेतनाला जागा मिळते आणि जुन्या पेन्शन योजनेत असाल तर निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनावर ठरतं. निवृत्तीला बारा वर्षं असतील तर हा फायदा जमत जातो. तीन वर्षं असतील तर दोन चुलींचा खर्चच वसूल होत नाही. स्वतःची निवृत्तीची तारीख हिशेबाच्या कागदावर लिहून मगच बेरीज करा.

सामान हलवायला मूळ वेतनाच्या ८० टक्के संमिश्र अनुदान मिळतं. स्वतःच्या विनंतीवरून बदली घेतली तर मिळत नाही, म्हणून ठिकाण बदलून मागताना अर्जातले शब्द जपून लिहा.

चौथा ते सातवा दिवस: घरच्या कामांची वही

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. शंभर पानी वही घ्या. आठवडाभर, सकाळी उठल्यापासून रात्री दाराला कडी लावेपर्यंत, घरासाठी तुम्ही जे जे करता ते लिहा. रोजचं, महिन्याचं, वर्षाचं. मोठं-छोटं ठरवत बसू नका.

माझ्या वहीत त्रेसष्ट कामं निघाली. गॅसचा नंबर लावणं. टाकीचं पाणी चढवून मोटर बंद करणं. आईंच्या (सासूबाईंच्या) गोळ्या आठवड्याच्या डबीत भरणं. नोव्हेंबरात त्यांच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला. महापालिकेचा घरटॅक्स. मार्च उजाडला की माळ्यावरून कूलर उतरवणं, ताट्यांमधलं जुनं गवत काढून नवं भरणं, पंपाला ग्रीस. नागपुरात हे काम आठ दिवस पुढे गेलं तर घरात बसवत नाही. भाद्रपदात महालक्ष्म्या, तीन दिवसांचं सगळं, सोळा भाज्यांपासून मुखवटे पुसून ठेवण्यापर्यंत. मुलीला संध्याकाळी क्लासहून आणणं. नवऱ्याच्या दुकानाचे जीएसटीचे कागद महिन्याला सीएकडे पोचवणं. आणि रात्री दोन वाजता कुणाला बरं नसेल तर गाडी काढून धंतोलीतल्या दवाखान्यात नेणं.

मग प्रत्येक कामासमोर एक नाव लिहायचं. 'बघू', 'कुणीतरी', 'होईल' असं लिहायचं नाही. नाव म्हणजे ज्याला विचारलं आहे आणि ज्याने हो म्हटलं आहे ते. नवऱ्याने स्वतःहून एकवीस कामांसमोर सही केली, मुलीने नऊ घेतली. काही पैसे देऊन होणारी होती. काही बंद केली तरी चालणार होती, हे लिहिताना लक्षात आलं. शेवटी चौदा कामांपुढे जागा कोरी राहिली. ती चौदा कामं म्हणजेच माझा निर्णय होता. पुढचा आठवडा मी फक्त त्यांवर घालवला.

ही वही उलटंही सांगू शकते. माझ्या एका सहकाऱ्याची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, वडील थकलेले, भाऊ नाही. त्यांना मुंबईची ऑर्डर आली. त्यांच्या वहीत आंबिया बहारासाठी (त्या हंगामाच्या फुलोऱ्यासाठी) डिसेंबर-जानेवारीत झाडांचं पाणी तोडून ताण देणं, तो नेमका कधी मोडायचा ते झाड पाहून ठरवणं, फवारणी, तोडणीच्या वेळी व्यापाऱ्याशी भाव, ई-पीक पाहणी, अशी कामं होती. पानं किती वळली आहेत हे फोनवरून कळत नाही. तिथे त्यांचं एकट्याचंच नाव येत होतं आणि दुसरं येणं शक्य नव्हतं. त्यांनी नकार दिला. तो निर्णय मला पूर्ण बरोबर वाटतो, कारण त्यांनी तो एक वर्षाचा फटका माहीत असून, डोळे उघडे ठेवून घेतला.

मुलं: वर्ष नाही, जोडी पाहा

नववी-दहावी ही एक जोडी आणि अकरावी-बारावी ही दुसरी. जोडीच्या मधोमध मूल हलवू नका. सीबीएसईत बोर्डाची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते, त्यामुळे थेट दहावीत किंवा बारावीत शाळा बदलायची तर बदलीचा आदेश जोडून बोर्डाची मंजुरी घ्यावी लागते. मिळते, पण त्या धावपळीत मुलाचे दोन महिने जातात. दहावीनंतरचा उन्हाळा सोयीचा. आता अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात, त्यामुळे राज्यातल्या राज्यात जाणाऱ्यांना तो सांधा सोपा झाला आहे.

बदली रायपूर, हैदराबाद किंवा दिल्लीला असेल आणि मुलाच्या मनात डॉक्टर व्हायचं असेल तर थांबा. वैद्यकीय प्रवेशाच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण, ही मुख्य अट असते. बदलीवर बाहेर गेलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती असतात, पण खासगी नोकरीवाल्यांनी त्यांवर विसंबू नये. हे प्रवेश पाहणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून पात्रतेचं पान वाचा.

राज्याबाहेर जाणार असाल तर गाडीचंही पाहा. एमएच-३१ किंवा एमएच-४९ ची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवायची तर तिथे नव्याने नोंदणी लागते. पुण्या-मुंबईला ही कटकट नाही.

आई-वडील: नेऊन पाहा, मग ठरवा

"आईंना घेऊन जाऊ" हे वाक्य फार सहज बोललं जातं. मीही बोलले होते. रुजू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात आईंना पुण्याला नेलं. सहाव्या मजल्यावरचं घर, लिफ्ट, स्वच्छ हवा, उन्हाचा त्रास नाही. नागपूरच्या मे महिन्यातून सुटका म्हणून मला आनंद. पहिले चार दिवस त्या बाल्कनीत बसल्या. अकराव्या दिवशी म्हणाल्या, "इथं मले कोणी हाक नाही मारत." प्रतापनगरच्या आमच्या गल्लीत सकाळपासून दहा जणी फाटकातून डोकावतात, "आजी, चहा झाला का?" विचारतात. ते औषध कुठल्याच दुकानात मिळत नाही. पंधराव्या दिवशी मी त्यांना परत आणलं.

तुमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना कदाचित आवडेलही, लेकाकडे राहायला मिळालं म्हणून खुलणारी माणसं मी पाहिली आहेत. पण कायमचं हलवण्याआधी पंधरा दिवस नेऊन पाहा, आणि पाहताना त्यांचं बोलणं ऐका, आपली सोय नाही. त्यांच्या डॉक्टरांकडून आजारांचा इतिहास एका कागदावर लिहून घ्या. सीजीएचएसचं (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं) कार्ड देशातल्या तिच्या कुठल्याही वेलनेस सेंटरवर, म्हणजे दवाखान्यात, चालतं, खासगी विमा असेल तर त्या शहरातली कॅशलेस रुग्णालयं तपासा.

ते नागपुरातच राहणार असतील तर रात्री दोनच्या कामासमोर दोन नावं हवीत. एक नाव पुरत नाही, कारण तो माणूस नेमका त्या दिवशी गावाला गेलेला असतो. आमच्याकडे दुसरं नाव शेजारच्या भाऊंचं होतं. मी त्यांच्या घरी जाऊन, बसून, नीट विचारलं. त्यांनी गाडीची एक चावी मागून घेतली आणि खुंटीला लावली.

आठवा ते दहावा दिवस: तिकडे जाऊन या

होकार देण्याआधी दोन दिवस रजा काढून ते ऑफिस पाहून या. जागा का रिकामी झाली हे विचारा. आधीचा माणूस कुठे आहे, शक्य असेल तर त्याच्याशी बोला. सहा महिन्यांत तीन माणसं बदलली असतील तर ते कारण तुम्हाला ऑर्डरमध्ये वाचायला मिळणार नाही. राहण्याच्या जागेपासून ऑफिसपर्यंत सकाळच्या गर्दीत एकदा जाऊन पाहा. वर्धा रोडवर मेट्रोने वीस मिनिटांत पोचायची सवय असलेल्या माणसाला दीड तासाचा प्रवास पन्नाशीत सोसतो का, हे शरीरालाच विचारावं लागतं.

आणि घरी येण्याचा हिशेब. अजनी-पुणे वंदे भारत १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली, साधारण ८८० किलोमीटर बारा तासांत. गाडी चांगली, पण ती दिवसा धावते, म्हणून शनिवार-रविवारच्या माणसाला तिचा उपयोग कमी. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्रीची गाडी धरली तर शनिवारी सकाळी-दुपारी घर, आणि रविवारी दुपारनंतर पुन्हा स्टेशन. हातात सव्वा दिवस. मुंबईवाल्यांना रात्रीची दुरांतो आहे, आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. तरी एकट्याने रात्री गाडी चालवत येऊ नका, तो सरळ रस्ता झोप आणतो. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. दिवाळीची आणि महालक्ष्म्यांची तारीख कॅलेंडरवर पाहून साठ दिवस मागे खूण करून ठेवा.

बदली वर्ध्याला किंवा भंडाऱ्याला असेल तर अपडाऊन होतं, असं सगळे म्हणतात. होतं, पण पासची गाडी रोज वेळेवर येईल या भरवशावर वर्षं काढायची असतात. सहा महिने करून पाहायचं आणि मग तिथे खोली घ्यायची का ते ठरवायचं, एवढंच त्याबद्दल.

अकरावा, बारावा: जे मागायचं ते लेखी मागा

हो आणि नाही यांच्या मध्ये बरंच काही असतं. मुलीची परीक्षा मार्चमध्ये संपते म्हणून रुजू होण्याची मुदत वाढवून मागता येते. दुसरं ठिकाण सुचवता येतं. निवेदन आपल्या अधिकाऱ्यामार्फतच द्यावं, एका पानात, कारण एकच आणि पुरावा जोडलेला. मी मुदतवाढ मागितली आणि सात आठवडे मिळाले. मागितले नसते तर मिळाले नसते.

नागपुरात 'आपली ओळख आहे, एक फोन लावू का?' असं म्हणणारे भरपूर भेटतात, हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत तर जास्तच. प्रेमाने म्हणतात, पण नको. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतल्या नियम २० मध्ये सेवेच्या बाबतीत बाहेरचा दबाव आणायला स्पष्ट मनाई आहे, आणि तो फोन तुमच्या फाइलवर नोंदला जाऊ शकतो.

तेरावा, चौदावा: घरात बसून ठरवा

सगळे घरी असताना, टीव्ही बंद करून बसा. पैशांचा कागद आणि वही मध्ये ठेवा. मूल दहा वर्षांचं असलं तरी त्याला बसू द्या.

जायचं ठरलं तर परतीची तारीख लिहा. 'दोन-तीन वर्षं' असं नको, महिना आणि वर्ष. त्या तारखेला बदली मागायची आणि मिळाली नाही तर काय करायचं, तेही लिहा. सोबत दोन कारणं लिहा ज्यांमुळे तुम्ही त्याआधी परत याल. आमच्या कागदावर होतं, आईंना अंथरुणाला खिळावं लागलं तर, आणि मुलीने स्वतः 'ये' म्हटलं तर. नागपूरचं घर विकायचं नाही, हेही त्याच कागदावर होतं. पन्नाशीत आपलं शरीरही बदलत असतं. एकट्याने राहून वेळेवर न जेवण्याने माझा बीपी पहिल्याच पावसाळ्यात वाढला, म्हणून जाण्याआधी पूर्ण तपासणी करून घ्या आणि तिकडे एक डॉक्टर आधीच शोधा.

नाही म्हणायचं ठरलं तरी तेवढीच तयारी लागते. ४१ व्या वर्षी मी घरासाठी नकार दिला आणि पुढची सहा वर्षं घराला तो ऐकवला. भाजीत मीठ जास्त झालं तरी "तुमच्यासाठी मी तेव्हा..." मुलगी आठवीत असताना एकदा म्हणाली, "आई, मी तुला थांब म्हटलं नव्हतं." ती खरं बोलत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून नकार देणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, नकाराचं पत्र लिहिण्याआधी घरच्यांना सांगा की हा निर्णय मी माझ्यासाठी घेते आहे. तसं मनापासून म्हणता येत नसेल तर पत्र अजून एक रात्र ठेवा.

पंधरावा दिवस: सही आणि नंतर

होकार दिला की रुजू होण्यासाठी वेळ मिळतो. एक हजार किलोमीटरपर्यंतच्या बदलीला दहा दिवस, न वापरलेले दिवस अर्जित रजेत जमा होतात. लोक ते वाचवायला पाहतात. मी वापरले. बँकेत मोबाइल नंबर आणि वारस तपासले, लॉकरला नवऱ्याचं नाव जोडलं, विजेचं आणि पाण्याचं बिल त्यांच्या फोनवर लावलं. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, दूधवाला, आईंचे डॉक्टर यांचे नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवले. आणि मुलीला माळ्यावर चढवून कूलर कसा उतरवायचा, ताट्या कशा भरायच्या, पंप कुठे अडकतो ते दाखवलं.

वही नवऱ्याकडे दिली. दर महिन्याला घरी आले की आम्ही ती उघडायचो आणि नावं खोडून नवी लिहायचो, कारण पहिल्या महिन्यात ठरलेलं सहाव्या महिन्यात टिकत नाही. परत आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मी आपली सगळी कामं परत घ्यायला बसले. चौदापैकी नऊ कुणी परत दिली नाहीत. जीएसटीचे कागद नवरा स्वतः पोचवतो, आईंच्या गोळ्यांची डबी शेजारच्या भाऊंची सून येऊन भरते आणि जाताना अर्धा तास गप्पा मारते. कूलर मुलगी बसवते. यंदा होळीच्या आधीच बसवून झाला होता.